जुन्या नागपूरचा गट एका रात्रीत गेला. ‘आपलं’ इंटरनेट खरंच उभं राहू शकतं का?

अनघा_महाल | रविवार, सकाळी ९:१२

मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या.

जुन्या नागपूरच्या फोटोंचा आमचा एक गट होता. २०१३ मध्ये मी आणि माझ्या मावसभावाने एका मोठ्या कंपनीच्या सोशल साइटवर तो सुरू केला. मागच्या महिन्यात एका सकाळी माझं खातं बंद झालं. कारण काय, तर ‘नियमांचं उल्लंघन’. कोणता नियम, कोणती पोस्ट, काहीच सांगितलं नाही. मावसभावाचं खातं त्याच्या जुन्या मोबाइल नंबरासोबत आधीच गेलेलं, म्हणजे दुसरा अ‍ॅडमिनही नाही. तीन वेळा अर्ज केला आणि तिन्ही वेळा तेच छापील उत्तर आलं. आठवड्याभरात गटच दिसेनासा झाला.

फोटो म्हणाल तर सहा हजारांपैकी निम्मे माझ्या हार्ड डिस्कवर आहेत. गेलं ते फोटोंखालचं बोलणं. एकच सांगते. जागनाथ बुधवारीतून निघालेल्या पिवळ्या मारबतीचा (पोळ्यानंतर मिरवणुकीत नेतात तो पुतळा) एक कृष्णधवल फोटो होता. टाकणाऱ्याला साल माहीत नव्हतं. एकाने मागच्या दुकानाच्या पाटीवरून गल्ली ओळखली. दुसऱ्याने लिहिलं, ही पाटी माझ्या आजोबांनी रंगवलेली, आणि दुकान १९७१ च्या दिवाळीनंतर तिथून हललं, म्हणजे फोटो त्याआधीचा. मग एका बाईंनी लिहिलं की डावीकडे शिडीवर चढलेलं पोरगं म्हणजे माझा भाऊ, तो लहानपणीच गेला, आमच्या घरी त्याचा एकही फोटो नाही. त्या एका फोटोखाली ८४ प्रतिसाद होते. फोटो आजही माझ्याकडे आहे. पण शिडीवरचा मुलगा कोण, हे आता कुठेच लिहिलेलं नाही.

माझा मुलगा म्हणतो, आई, आता विकेंद्रित इंटरनेट येतंय, सगळं वापरणाऱ्यांच्या मालकीचं. यात खरं किती? आणि आपल्यासारख्या साध्या माणसांना जमण्याजोगं किती?

झिरो_माईल | सकाळी १०:०५

ताई, वाचून खरंच वाईट वाटलं. तो गट मीही बघायचो.

मुलगा म्हणतो ते ‘येतंय’ असं नाही, इंटरनेटची मूळ घडणच तशी होती. १९६९ मध्ये इंटरनेटचं पूर्वज असलेलं अर्पानेट सुरू झालं, तेव्हापासून निरोपाचे तुकडे करून मिळेल त्या वाटेने पाठवायचे, मध्ये एखादं केंद्र बंद पडलं तरी बाकी चालू राहावं, अशीच रचना. १ जानेवारी १९८३ पासून सगळे एका समान नियमावलीवर आले. ती नियमावली कोणाच्या खिशातली नव्हती. टिम बर्नर्स-लीने वेब तयार केलं आणि सर्न या त्याच्या संस्थेने ३० एप्रिल १९९३ ला ते सगळ्यांना मोकळं करून दिलं. ईमेल आजही तसंच आहे. तुमचा पत्ता एका कंपनीचा, माझा दुसरीचा, तरी पत्र पोचतं.

मालकी गोळा झाली ती वरच्या मजल्यावर. तार आणि नियम सगळ्यांचे राहिले, पण माणसांच्या ओळखी, गप्पा आणि फोटो चार-पाच कंपन्यांच्या कपाटात गेले. आता ते बाहेर काढायच्या तीन वाटा आहेत. पहिली संघराज्यासारखी: अनेक छोटे सर्व्हर, प्रत्येकाचा चालक वेगळा, पण एकमेकांशी बोलणारे. ट्विटरसारखं मॅस्टोडॉन २०१६ मध्ये आलं ते या वाटेने. अशा सर्व्हरांची समान भाषा अ‍ॅक्टिव्हिटीपब, ती २०१८ मध्ये वेबचं अधिकृत मानक झाली. दुसरी वाट म्हणजे मध्ये सर्व्हरच नको, आपली यंत्रं थेट एकमेकांकडून फाइल घेतील. तिसरी ब्लॉकचेनची, म्हणजे नोंदींची एकच साखळी असंख्य यंत्रांवर ठेवायची; तिलाच लोक वेब३ म्हणतात. ही तिन्ही प्रकरणं वेगळी आहेत आणि चर्चेत त्यांची खिचडी होते.

तर्री_जास्त | सकाळी १०:२०

माहिती जबरदस्त, भाऊ. पण सगळं मोकळं होतं तर आपण सगळे एकाच वाड्यात राहायले गेलो काऊन?

फुटाळ्याची_संध्याकाळ | सकाळी १०:४४

@तर्री_जास्त, कारण वाड्यात भाडं नव्हतं आणि सगळे मित्र तिथेच होते. ऑर्कुट आठवतं? आमच्या कॉलेजच्या कम्युनिटीत रात्र रात्र गप्पा चालायच्या. ३० सप्टेंबर २०१४ ला ते बंद झालं आणि आम्ही सगळे, काहीही न शिकता, सामान उचलून पुढच्या वाड्यात गेलो.

बर्डी_ते_बुटीबोरी | सकाळी ११:३१

मी गेली चार वर्षं ब्लॉकचेनवर काम करतो, म्हणून वेब३ची बाजू मांडतो.

अनघाताईंच्या बाबतीत मूळ अन्याय हा आहे की अकरा-बारा वर्षं कष्ट त्यांनी केले, फोटो लोकांनी दिले, जाहिरातीचे पैसे कंपनीने घेतले आणि दाराची चावीही कंपनीकडेच. ब्लॉकचेनवर चावी तुमच्याकडे असते. नोंद हजारो यंत्रांवर एकाच वेळी लिहिली जाते, ती कोणा एकाला पुसता येत नाही. गटाचे निर्णय सभासद मतदानाने घेतात, नियम कोडमध्ये लिहिलेले असतात, अ‍ॅडमिनचं खातं गेलं म्हणून गट बुडत नाही. ब्लॉकचेन फार वीज खाते अशी ओरड होते, तीही आता जुनी झाली. इथेरियम या मोठ्या ब्लॉकचेनने सप्टेंबर २०२२ मध्ये नोंदी पडताळायची पद्धत बदलली आणि त्याचा विजेचा वापर ९९ टक्क्यांहून जास्त कमी झाला.

फसवणूक झाली हे मान्य. पण चेकवर खोट्या सह्या होतात म्हणून बँकिंग वाईट ठरत नाही.

इतवारीचा_मुनीम | दुपारी १२:१५

@बर्डी, तुझी कळकळ पोचली. पण ‘नियम कोडमध्ये लिहिलेले’ यावर बोलतो, कारण माझं आयुष्य हिशोब तपासण्यात गेलं.

२०१६ मध्ये इथेरियमवर ‘द डाओ’ नावाचा सामायिक निधी उभा राहिला. मॅनेजर नाही, संचालक मंडळ नाही, सगळं कोड बघणार. १७ जूनला कोणीतरी त्या कोडमधल्याच एका फटीतून सुमारे ३६ लाख इथर (इथेरियमचं चलन) वळते केले. एक हिशोब पुरा व्हायच्या आत तोच पुन्हा मागता येत होता, एवढीच ती फट. मग काय करायचं? कोड म्हणजे कायदा मानला तर चोराने कायदा मोडलाच नव्हता. शेवटी जुलैमध्ये बहुतेकांनी ठरवून साखळीतल्या नोंदींचा इतिहास मागे फिरवला. ज्यांना ते पटलं नाही ते जुन्या साखळीवर राहिले, तिला आज इथेरियम क्लासिक म्हणतात. म्हणजे वेळ आली तेव्हा माणसांनी बसूनच ठरवलं.

दुसरं मतदानाचं. अशा बहुतेक ठिकाणी एका टोकनला (विकत घेता येणाऱ्या डिजिटल नाण्याला) एक मत असतं. ज्याच्याकडे टोकन जास्त त्याचा आवाज मोठा. ही तर शेअर बाजारातली कंपनी झाली. सहकारी संस्थेत शंभर शेअर असले तरी मत एकच. सहकारातही पैसे बुडतात, माझ्या वडिलांचे एका पतसंस्थेत बुडाले. पण सभेत उभं राहून जाब विचारायला ते गेले होते आणि त्यांचं मत अध्यक्षाच्या मताइतकंच होतं.

वर्धा_रोडची_मीनल | दुपारी १:०२

इथे लिहू की नको असा विचार करत होते.

माझा धाकटा भाऊ २०२१ च्या एप्रिलमध्ये कोविडने गेला. त्याची क्रिप्टोत थोडी बचत होती, कोणत्याही एक्सचेंजवर न ठेवता स्वतःच्या वॉलेटमध्ये. त्याचा त्याला अभिमान होता. त्या वॉलेटची चावी म्हणजे बारा शब्द. ते त्याने कुठे लिहिले होते ते कोणालाच माहीत नाही. वहिनीने कपाटं, पुस्तकं, गाडीचे कागद, पिठाच्या डब्याखालचा पेपरसुद्धा बघितला. वॉलेटचा पत्ता आमच्याकडे आहे. तो टाकला की रक्कम पडद्यावर दिसते, आजही. हात लावता येत नाही.

त्याच्या बँकेतल्या पैशांसाठी वहिनीने पाच महिने चकरा मारल्या, मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद, सह्या. रडकुंडीला आली. पण मिळाले. समोर माणूस होता, त्याला सांगता आलं की नवरा गेलाय.

@बर्डी_ते_बुटीबोरी, तुमच्यावर राग नाही. फक्त चावी आपल्याकडे असते तेव्हा आपल्यानंतर काय, हे कोणी तरी आधी सांगायला हवं होतं.

बर्डी_ते_बुटीबोरी | दुपारी १:२०

मीनलताई, मनापासून सांत्वन. तुम्ही म्हणता ते आमच्या क्षेत्रात पुरेसं बोललं जात नाही. तीनपैकी दोन चाव्या लागतील, पैकी एक घरच्यांकडे, अशी सोय करता येते. पण ती ज्याला सुचते त्यालाच मिळते, आपोआप कोणाला मिळत नाही. हे मी मान्य करतो.

अंबाझरीकाठी | दुपारी २:४८

मी ‘स्वतःचा सर्व्हर’ वाला. २०२० मध्ये ठरवलं की घरचे सगळे फोटो आणि कागद आपल्याच यंत्रावर. एक छोटा कॉम्प्युटर आणि दोन हार्ड डिस्क, टीव्हीच्या स्टँडखालच्या कप्प्यात. एका डिस्कवरचं रोज रात्री दुसऱ्या डिस्कवर उतरायचं. तीन वर्षं तक्रार नव्हती.

२३ सप्टेंबर २०२३ ची पुराची पहाट नागपूरकरांना सांगायला नको. जाग आली तेव्हा पलंगाखालून चपला वाहत होत्या. आधी आईला वरच्या मजल्यावर नेलं, मग शेजारच्या काकूंना. खाली परत आलो तर पाणी मांडीपर्यंत आलेलं, टीव्हीचा स्टँड दिसतच नव्हता. दोन्ही डिस्क एकाच कप्प्यात, दोन्ही गेल्या. दुरुस्तीवाल्याने एक माझ्यासमोर उघडली, आत तबकडीवर गाळाची पातळ साय धरली होती. माझ्या मुलीचं पहिलं वर्ष त्यात होतं.

तरीही सांगतो, मी पुन्हा स्वतःचंच उभारलंय. फक्त आता एक प्रत बहिणीकडे वर्ध्याला असते आणि दर महिन्याला मी ती खरंच उघडून बघतो. घर एकच असेल तर कंपनीचं काय आणि आपलं काय, पाणी दोन्हीकडे शिरतं.

तर्री_जास्त | दुपारी ३:१०

@अंबाझरीकाठी, त्या रात्री आम्ही कॉर्पोरेशन कॉलनीत लोकांना बाहेर काढून राहिलो होतो. वाचून अंगावर काटा आला, भाऊ.

माह्या मनात एकच आहे. सर्व्हर रात्री दोन वाजता बंद पडला तर उठणार कोण? आमच्या सोसायटीत पाण्याची मोटर बंद करायले कोणी उठत नाही, टाकी वाहून राहते सकाळपर्यंत.

झिरो_माईल | दुपारी ३:३७

@तर्री_जास्त, सिग्नल हे निरोपाचं अ‍ॅप बनवणाऱ्या मॉक्सी मार्लिनस्पाइकने जानेवारी २०२२ मध्ये वेब३ वर एक लेख लिहिला, त्यातला पहिलाच मुद्दा हा होता: लोकांना स्वतःचे सर्व्हर चालवायचे नसतात. म्हणून ब्लॉकचेनवरची अ‍ॅपही प्रत्यक्षात दोन-तीन कंपन्यांच्या सर्व्हरमार्फतच साखळी वाचतात, हे त्याने स्वतः अ‍ॅप बांधून दाखवलं. त्याने एक एनएफटी (चित्राच्या मालकीची ब्लॉकचेनवरची नोंद) केलं होतं. एनएफटी विकणाऱ्या एका बाजाराने ते आपल्या यादीतून काढलं, तर ते त्याच्या वॉलेटमध्येही दिसेना. साखळीवर नोंद होती, पण बघायची खिडकी कंपनीची होती.

घरी सर्व्हर ठेवण्यात आणखी एक अडचण आहे. जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते ४३० कोटींच्या आसपासच आहेत आणि ते कधीच संपले. त्यामुळे आपल्या बहुतेक घरगुती जोडण्यांत शेकडो घरांना मिळून एकच पत्ता दिलेला असतो. अपार्टमेंटच्या गेटवर एकच पाटी आणि फ्लॅट नंबर नाहीत, असं समजा. आतून बाहेर जाता येतं, बाहेरच्याला तुमचं दार सापडत नाही. नव्या पद्धतीच्या पत्त्यांनी हे सुटतं, पण सामान्य माणसाला ते जुळवून घेणं अजून सोपं नाही. भाड्याचा छोटा सर्व्हर आणि स्वतःच्या नावाचं डोमेन, म्हणजे वेबवरचा पत्ता, हा मधला मार्ग मला बरा वाटतो. भाड्याची जागा बदलता येते, पाटी आपलीच राहते.

रामदासपेठेतली | दुपारी ४:०५

नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातले वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं, तेव्हा भारतातून खूप लोक मॅस्टोडॉनवर गेले होते. मीही गेले. तीन आठवडे फार छान वाटलं, जाहिराती नाहीत, भांडणं कमी. मग सगळे परतले आणि मीही. एकटीने नव्या गावात किती दिवस राहणार?

डिजिटल_यात्री | दुपारी ४:५०

मी त्याच सुमाराला मित्रांसाठी एक छोटा सर्व्हर चालवायला घेतला. दीडशे माणसं होती. खर्चाचं कधी जड गेलं नाही. एका रात्री दुसऱ्या कुठल्याशा सर्व्हरवरून अशी चित्रं आली की आजही आठवली की पोटात ढवळतं. ती बघून, ठरवून, काढून टाकणारा मी एकटाच. मोठ्या कंपन्या हे काम पगारी माणसांकडून करून घेतात आणि त्यांचेही हाल होतात. माझ्याकडे नोकरी, घर आणि त्यावर हे. आठ महिन्यांनी सगळ्यांना मुदत देऊन सर्व्हर बंद केला. लोकांनी खाती दुसरीकडे हलवली, मॅस्टोडॉनमध्ये अनुयायी सोबत नेता येतात. जुन्या पोस्ट मात्र नेता येत नाहीत. तिथेही बोलणं मागेच राहिलं, अनघाताई.

वकील_काका | संध्याकाळी ५:३०

अनघा, आधी हातातलं सोडू नकोस. भारतात ५० लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या सोशल कंपनीला इथे राहणारा तक्रार अधिकारी नेमावाच लागतो. छापील उत्तराला उत्तर देत बसण्याऐवजी त्या अधिकाऱ्याकडे रीतसर तक्रार कर. त्याचा निर्णय पटला नाही तर ३० दिवसांत केंद्र सरकारने नेमलेल्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं. गट परत मिळेलच असं म्हणत नाही, पण निदान माणूस वाचेल.

दुसरं, हक्काचं. युरोपात २०१८ पासून आपली माहिती उचलून दुसरीकडे नेण्याचा हक्क कायद्यात आहे. आपल्याकडे आधीच्या मसुद्यांमध्ये तो होता, २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यात राहिला नाही. मला ही सगळ्यात मोठी चूक वाटते. २० जानेवारी २०११ ला देशभर नंबर तोच ठेवून मोबाइल कंपनी बदलायची सोय झाली, आठवतं ना? त्यासाठी कोणाला टॉवर उभारावा लागला नाही. नियम झाला आणि कंपन्या नीट वागायला लागल्या.

फुटाळ्याची_संध्याकाळ | संध्याकाळी ५:५२

काका, अगदी! यूपीआयचंही तसंच आहे की. सकाळी पोह्यांच्या गाडीवर कोणताही क्यूआर असो, माझं कोणतंही अ‍ॅप चालतं. हेच विकेंद्रित.

इतवारीचा_मुनीम | संध्याकाळी ६:१०

@फुटाळा, विकेंद्रित नाही, परस्परांशी जोडलेलं. मध्ये यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेचा एकच स्विच आहे, तो अडला की सगळ्यांचं अडतं. पण तुझा मुद्दा चुकत नाही. गाडीवाल्याला स्विच कोणाचा याच्याशी देणंघेणं नाही, त्याला कोणा एका अ‍ॅपच्या दावणीला बांधून घ्यावं लागत नाही.

धानोऱ्याचा | रात्री ८:२५

मी मूळचा गडचिरोलीचा, नोकरीमुळे नागपुरात. सकाळपासून वाचतोय. मालकी आणि मतदान यावर बोलणं चाललंय म्हणून लिहितो.

आमच्या तालुक्यातलं मेंढा-लेखा हे गाव बहुतेकांनी ऐकलं असेल. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथली. २००९ मध्ये त्यांना सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशात अगदी पहिल्यांदा मिळालेल्या गावांपैकी ते एक. पण कागद मिळाला म्हणून बांबू विकता येत नव्हता, वाहतुकीचा परवाना वनखात्याकडेच होता. तो ग्रामसभेच्या हाती यायला २०११ चा एप्रिल उजाडला. नावावर झालं म्हणजे ताब्यात आलं असं नसतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला कळतं.

आणि निर्णय मतदानाने नाही, सर्वसहमतीने. एकाचंही मन वळलं नाही तर विषय पुढच्या सभेला. बाहेरच्याला वाटतं किती वेळ घालवतात. पण ठरलं की ते मोडत कोणी नाही, कारण ठरवताना प्रत्येक जण बसलेला असतो. शिवाय अभ्यासगट असतात, जिथे कळत नाही ते आधी समजून घेतात, मग ठरवतात. तुमच्या टोकनच्या मतदानात मला हे बसणंच कुठे दिसत नाही.

अनघाताई, तंत्र कोणतंही घ्या, आधी माणसं बसवा.

वर्धा_रोडची_मीनल | रात्री ८:४०

@धानोऱ्याचा, दोनदा वाचलं.

बर्डी_ते_बुटीबोरी | रात्री ९:१५

मलाही विचार करायला लावलंत, दादा. गावात सगळे एकमेकांना ओळखतात. इंटरनेटवर दहा हजार अनोळखी माणसांत सर्वसहमती कशी होणार, हा प्रश्न माझ्यासाठी उरतोच. पण अनघाताईंचा गट दहा हजारांचा असला तरी प्रत्यक्ष काम करणारे वीस-पंचवीसच असणार, त्यांना बसता येईल.

आणि ताई, नाणी-टोकन सगळं बाजूला ठेवून आमच्या जगातली एक गोष्ट घ्या. प्रत्येक फाइलचा मजकुरावरून काढलेला एक ठसा असतो, पत्ता म्हणून तोच वापरतात. फोटो कोणत्याही यंत्रावर असो, ठसा जुळला की तोच फोटो, एक ठिपकासुद्धा बदललेला नाही. दहा घरी दहा प्रती ठेवल्या तर कोणती खरी हे भांडण राहत नाही. ठसे काढून द्यायचं काम मी करतो.

अनघा_महाल | पुढच्या रविवारी, दुपारी १:३०

आठवडाभर तुमचे प्रतिसाद छापून जवळ ठेवले होते. आज सकाळी आमच्या वाचनालयात अकरा जण बसलो. इथले पाच आले होते, धानोऱ्याचेही आले. तीन तास चाललं. मध्ये तर्री पोहे मागवले, ते अर्थातच कोणी मागवले ते सांगायला नको.

जे ठरलं ते लिहिते. डोमेन वाचनालयाच्या नोंदणीकृत संस्थेच्या नावावर, माझ्या नाही. भाड्याचा छोटा सर्व्हर, वर्गणी माणशी वर्षाला दोनशे. चाव्या चौघांकडे, कोणत्याही दोघांना मिळून उघडता येईल अशा, आणि चौघांच्या घरच्यांना ते माहीत असेल (मीनल, हे तुझ्यामुळे). एक प्रत वाचनालयात, दुसरी वर्ध्याला, दोन्ही पहिल्या मजल्यावर. ज्या फोटोंना काढणाऱ्याची किंवा वारसांची परवानगी मिळेल ते विकिमीडिया कॉमन्स या सगळ्यांसाठी मोकळ्या फोटोसंग्रहावरही चढवायचे. आणि प्रत्येक फोटोसोबत त्याखालचं बोलणं साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, शेजारीच, म्हणजे उद्या कोणतंही सॉफ्टवेअर गेलं तरी वाचता येईल. ज्याचं बोलणं त्याला ते काढून नेता येईल. देखरेखीची पाळी महिन्याला दोघांची. डिजिटल_यात्री, एकट्यावर नाही टाकणार.

एकमत झालं नाही ते असं: गट सगळ्यांना उघडा ठेवायचा की ओळखीतून प्रवेश द्यायचा? सात जण उघड्याच्या बाजूने, चार विरुद्ध. मत घेतलं नाही. पुढच्या बैठकीला. तोवर वकील काकांनी अपीलाचा मसुदा करून दिलाय, तो उद्या जातोय.

आता एक मागणं. जुन्या गटातल्या प्रतिसादांचे स्क्रीनशॉट कोणाच्या फोनमध्ये पडले असतील तर शोधा. कितीही अर्धवट असले तरी चालतील. मारबतीचा तो फोटो मी आज पहिल्या क्रमांकाला ठेवलाय. त्याखाली शिडीवरच्या मुलाबद्दल मला आठवतं तेवढं लिहिलंय. त्या बाईंचं नाव मात्र आठवत नाही.

सक्करदरा_२२ | दुपारी ४:०६

इतकी वर्षं नुसती वाचत होते, आज खातं उघडलं. तुमच्या गटातले सक्करदरा तलावाचे फोटो मी आईला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे, खालच्या प्रतिसादांसकट, कारण तिला तेच वाचायचे असायचे. तिचा जुना फोन कपाटात आहे. चार्ज होतोय का बघते.

अनघा_महाल | दुपारी ४:०९

बघा बघा. चार्जर मिळत नसेल तर कोणता आहे ते सांगा, माझ्याकडे जुन्या चार्जरची पिशवी आहे.

सक्करदरा_२२ | दुपारी ४:५१

चालू झाला. साठ-सत्तर तरी दिसतायत. रविवारी किती वाजता येऊ?